भिंत धुण्याआधी

दिवाळी जवळ आली की घराची झाडलोट आणि रंगसफेदी करायची, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. गावाकडे नवरात्र संपायच्या आतच पिंपात चुनकळी विरघळायला ठेवलेली असायची. त्यात चिमूटभर नीळ, कोणी थोडा डिंक घालायचं. मग कुंचल्याचे दोन हात मारले की भिंती पांढऱ्याशुभ्र. जोत्याला गेरूचा पट्टा ओढला की घर दिवाळीला तयार. ती भिंत धुवायचा प्रश्नच नव्हता. पावसाने खराब झाली की पुढच्या वर्षी पुन्हा चुना!

इकडे न्यू इंग्लंडमध्ये आलं की हे गणित बदलतं. इथली जुनी घरं लाकडाची. बाहेरून एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्या आणि त्यांवर तेलाचा रंग. वसंतात झाडांचा पिवळा पराग बसतो, उत्तरेकडच्या भिंतीवर हिरवी-काळी बुरशी धरते आणि थंडी सुरू व्हायच्या आत घर धुवून काढावं असं वाटायला लागतं. हार्डवेअरच्या दुकानात प्रेशर वॉशर दिवसाच्या भाड्याने मिळतो. शनिवारी आणायचा, दोन-तीन तासांत घर लख्ख! आपल्या मंडळातल्या कित्येकांनी हे केलेलं आहे आणि नवीन घरांच्या बाबतीत त्यात फारसं काही चुकतही नाही.

आमचं घर मात्र बॉस्टनजवळच्या एका गावात, १९२० च्या दशकात बांधलेलं आहे. ते घेताना सह्यांच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक छोटी पुस्तिका आणि एक फॉर्म होता: या घरात शिशाचा रंग असू शकतो, हे मला समजलं आहे. अमेरिकेत जुनं घर विकत किंवा भाड्याने घेतलेल्या प्रत्येकाने या फॉर्मवर सही केलेली असते आणि बहुतेकांनी न वाचता केलेली असते. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. एखाद्या जुन्या सिस्टिमला हात लावण्याआधी ती कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे शोधायचं, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. तोच नियम घराला लावला आणि वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगतो आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण अशाच जुन्या घरांत लहान मुलं घेऊन राहतात.

शिसं माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. आयुर्वेदात त्याला ‘नाग’ म्हणतात. मारुतीला आणि गणपतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच लाल ऑक्साइड. आणि आपल्याकडे रंगारी ज्याला ‘सफेदा’ म्हणायचे, ती मुळात शिशाची पांढरी भुकटी. आता झिंकच्या पांढऱ्या भुकटीलाही लोक सफेदाच म्हणतात, पण शेकडो वर्षं पांढरा रंग म्हटला की शिसंच. व्हिट्रुव्हियस हा दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन वास्तुशास्त्रज्ञ. त्याने शिशाच्या नळांतून पिण्याचं पाणी आणू नका असं लिहून ठेवलं आहे, आणि पुरावा म्हणून शिशाचं काम करणाऱ्या कारागिरांच्या निस्तेज चेहऱ्यांकडे बोट दाखवलं आहे.

सफेदा बनवायची जुनी डच पद्धत ऐकण्यासारखी आहे. मातीच्या भांड्यांत तळाशी व्हिनेगर घालायचं, वर शिशाच्या पट्ट्यांची वेटोळी ठेवायची, आणि अशी शेकडो भांडी घोड्याच्या लिदीत पुरून खोली बंद करायची. लीद कुजताना ऊब आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, व्हिनेगरची वाफ शिशाला खाते आणि काही आठवड्यांनी शिशावर पांढरी पापुद्र्यांची पुटं चढतात. ती झटकायची, दळायची आणि जवसाच्या तेलात घोटायची की झाला रंग तयार. झटकण्याचं आणि दळण्याचं काम करणारे मजूर पोटशूळाने तळमळायचे, त्यांचे मनगट लुळे पडायचे. मालकांना ते दिसत होतं, पण मजूर बदलता येत होते.

मग लोक हाच रंग का वापरत होते? कारण लाकडावर त्याच्यासारखं काही टिकत नव्हतं. तेल आणि शिसं मिळून साबणासारखे क्षार तयार होतात, त्यामुळे रंगाची पापडी चिवट आणि लवचीक राहते. लाकूड हिवाळ्यात आकसतं, उन्हाळ्यात फुगतं, तरी रंग सहज तडकत नाही. आणि बाहेरच्या भिंतीसाठी त्यात आणखी एक गुण मानला जायचा. ऊन-पावसाने वरच्या थरातलं तेल झिजतं आणि त्यातली पांढरी भुकटी मोकळी होते. हात फिरवला तर खडूसारखी हाताला लागते. पाऊस आला की ही भुकटी धूळ घेऊन खाली वाहून जाते आणि भिंत पुन्हा पांढरी दिसते. म्हणजे भिंत स्वतःच स्वतःला धुवायची! रंगारी यावर खूष असत. वाहून गेलेली भुकटी जायची कुठे? भिंतीच्या पायथ्याच्या मातीत. शिसं कुजत नाही, विरत नाही. शंभर वर्षांपूर्वी पडलेलं आजही तिथेच आहे.

शिशाचं वारं अमेरिकेला नवीन नव्हतं. शिशाच्या नळ्या लावून दारू गाळण्यावर मॅसॅच्युसेट्सने १७२३ मध्येच बंदी घातली होती, कारण ती दारू पिणाऱ्यांना पोटशूळ आणि लुळेपणा येत असे. बेंजामिन फ्रँकलिन बॉस्टनचा, मुद्रकाचा धंदा करणारा. त्याच्या व्यवसायात शिशाचे खिळे हाताळावे लागत. १७८६ मध्ये त्याने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात शिशाच्या दुष्परिणामांची उदाहरणं ओळीने दिली आहेत, आणि शेवटी म्हटलं आहे की बघा, एखादं उपयोगी सत्य माहीत झाल्यावरही लोकांनी ते स्वीकारून वागायला किती काळ जावा लागतो. हे पत्र लिहिल्यानंतर अमेरिकेत घरच्या रंगातलं शिसं थांबायला आणखी १९२ वर्षं लागली.

पर्याय नव्हता असंही नाही. पॅरिसमधल्या लेक्लेर नावाच्या रंगकामाच्या ठेकेदाराने १८४० च्या दशकातच आपल्या कामगारांच्या तब्येतीसाठी झिंकचा पांढरा रंग वापरायला सुरुवात केली होती. पण मुलांना धोका आहे ही गोष्ट पहिल्यांदा ठामपणे सांगितली ती ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी. ब्रिस्बेनमध्ये १८९० च्या दशकात जेफ्रिस टर्नर यांना शिशाची विषबाधा झालेली मुलं आढळत होती, पण शिसं येतं कुठून ते कळत नव्हतं. १९०४ मध्ये लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने त्याचा छडा लावला. क्वीन्सलँडची घरं लाकडाची, व्हरांड्याची. मुलं दिवसभर व्हरांड्यात खेळायची. तिथल्या कडक उन्हाने कठड्यांचा रंग भुकटी होऊन मुलांच्या हाताला लागायचा, आणि नखं खाणाऱ्या, बोटं चोखणाऱ्या मुलांच्या पोटात जायचा. मुलं आजारी पडत होती ती चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत नव्हे, तर उजेडाच्या, हवेशीर व्हरांड्यात! १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचा हात पोचेल अशा बाहेरच्या भागांवर शिशाचा रंग लावायला कायद्याने बंदी केली.

हे लक्षात ठेवा, कारण बाकीच्या जगाने बाहेरच्या भिंतीकडे सहसा लक्षच दिलं नाही. फ्रान्सने १९०९ मध्ये रंगकामातला सफेदा बंद करायचा कायदा केला. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्याबद्दल करार केला, पण तो मुख्यतः घराच्या आतल्या रंगकामापुरता होता. अमेरिकेने तर तो करारही कधी स्वीकारला नाही.

अमेरिकेत तोवर काय चाललं होतं? अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाई १९१० पासून इलिनॉयमध्ये, आणि मग देशभर, सफेद्याच्या कारखान्यांतून फिरत होत्या. कामगारांच्या घरी जाऊन, दवाखान्यांच्या नोंदी चाळून त्यांनी विषबाधेचे पुरावे गोळा केले. पुढे १९१९ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या स्त्री अध्यापक झाल्या. १९१४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या थॉमस आणि ब्लॅकफन या डॉक्टरांनी पाळण्याचा रंग चावून खाल्लेल्या एका मुलाच्या मृत्यूची नोंद छापली. याच काळात ‘डच बॉय’ या छापाचा सफेदा विकणारी नॅशनल लेड कंपनी लहान मुलांसाठी रंगवायच्या पुस्तिका वाटत होती, त्यांत लाकडी बूट घातलेला गोंडस मुलगा कुंचला घेऊन घर रंगवायचा.

१९४३ मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयातल्या रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी एक वेगळीच गोष्ट दाखवली. शिशाच्या विषबाधेतून ‘बरी’ होऊन घरी गेलेल्या २० मुलांचा त्यांनी पुढे मागोवा घेतला, तर त्यांपैकी १९ मुलं शाळेत मागे पडलेली होती. म्हणजे मूल वाचलं तरी मेंदूची हानी राहते. यावर उद्योगाच्या संघटनेचा सूर असा, की दोष रंगाचा नाही, गरीब वस्त्यांचा आणि मुलांकडे लक्ष न देणाऱ्या आयांचा आहे! १९५१ मध्ये बाल्टिमोर शहराने घराच्या आत शिशाचा रंग बंद केला. १९५५ मध्ये उद्योगाने स्वतःहून एक टक्क्याची मर्यादा घातली, तीही घराच्या आतल्या रंगाला आणि खेळण्यांना. बाहेरची भिंत पुन्हा बाहेरच राहिली.

१९७१ मध्ये शिशाच्या रंगाविरुद्धचा पहिला राष्ट्रीय कायदा आला आणि १९७८ मध्ये घरगुती रंगात ०.०६ टक्क्यांहून अधिक शिसं घालायला बंदी झाली. २००९ पासून ही मर्यादा ०.००९ टक्के, म्हणजे दहा लाखात ९० भाग एवढी खाली आली. १९७० च्या दशकात हर्बर्ट नीडलमन यांनी आमच्याच शेजारच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल गावांतल्या पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात शिक्षकांमार्फत गोळा केले. दोन हजारांहून जास्त मुलांचे! दातांत ज्यांच्या शिसं जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणी आणि वर्गातलं लक्ष कमी, असं आढळलं. ही मुलं कुठल्याही अर्थाने आजारी नव्हती, रोज शाळेत जात होती. नीडलमन यांच्यावर पुढे संशोधनात लबाडी केल्याचे आरोप झाले, चौकश्या झाल्या आणि ते त्यातून सुटले. मुलांच्या रक्तातली किती पातळी आल्यावर काळजी करायची, तो सरकारी आकडा १९६० च्या दशकात दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम होता. तो ४०, ३०, २५ असा उतरत १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ वर आला. शिसं तेच आहे, फक्त आपल्याला अधिक कळत गेलं.

आता प्रेशर वॉशरकडे येऊ. जर्मनीच्या केर्चर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचं उच्च दाबाचं धुलाई यंत्र आणलं, आणि १९८४ मध्ये घरी हाताळता येईल असं छोटं यंत्र. म्हणजे यंत्र घरोघर पोचलं तेव्हा शिशाचा रंग नुकताच बंद झाला होता, पण जुन्या भिंतींवर तो सगळीकडे होता. अमेरिकन सरकारचे जे आकडे नेहमी दिले जातात त्यांनुसार १९४० च्या आधीच्या घरांपैकी ८७ टक्के, १९४० ते १९५९ मधल्यांपैकी ६९ टक्के आणि १९६० ते १९७७ मधल्यांपैकी २४ टक्के घरांत कुठे ना कुठे शिशाचा रंग सापडतो. बाहेरचे नवे ॲक्रिलिक थर दिसायला सुंदर असले तरी खाली जुनेच थर आहेत. दाबाचं पाणी सुटलेला रंग उडवतं आणि त्याचे तुकडे अंगणभर, शेजाऱ्याच्या वाफ्यात, पायरीवर, वाळूच्या पेटीत पसरवतं. पूर्वी पाऊस जे काम पन्नास वर्षांत करायचा, ते यंत्र एका दुपारी करतं.

दुसरं नुकसान घराचं. या आडव्या फळ्या वरून येणारा पाऊस ओघळून जावा अशा बेताने बसवलेल्या असतात. खालून वर मारलेलं दाबाचं पाणी फळ्यांच्या मागे शिरतं, लाकूड आतून ओलं राहतं आणि पुढे रंगाला फोड येतात, लाकूड कुजतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने १९८२ मध्ये जुन्या घरांच्या बाहेरच्या रंगाबद्दल एक पुस्तिका काढली, तिच्यातही साध्या नळीचं पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश इथपासूनच सुरुवात करायला सांगितलं आहे.

तेव्हा मंडळी, या इतिहासावरून निघणारे व्यवहारातले मुद्दे असे:

पहिली गोष्ट, घराचं साल बघा. ते गावाच्या मालमत्ता-कराच्या नोंदीत मिळतं. १९७८ च्या आधीचं असेल तर शिसं आहे असं धरूनच चाला, किंवा परवानाधारक तपासनीस बोलवून तपासून घ्या. तो क्ष-किरणांच्या यंत्राने खालच्या थरातलं शिसंसुद्धा सांगतो. आम्ही आधी तपासणी करून घेतली. खिडक्यांच्या चौकटी आणि पुढच्या पोर्चच्या कठड्यांत शिसं निघालं. गिब्सनचे कठडेच म्हणा ना!

दुसरी, रंग शाबूत आहे का ते पाहा. शाबूत असेल तर हाताने धुवा. बादलीत सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. घासताना खालून वर जा म्हणजे कोरड्या भागावर ओघळांचे डाग पडत नाहीत, आणि खळबळताना वरून खाली, पाण्याची धार नेहमी खालच्या दिशेला. बुरशीसाठी ब्लीच वापरणार असाल तर ते अमोनिया असलेल्या कुठल्याही साबणात मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बाहेरचे दिवे आणि विजेचे प्लग आधी झाका. धातूची शिडी विजेच्या तारांजवळ नेऊ नका.

तिसरी, रंगाचे पापुद्रे निघत असतील तर ते धुण्याचं काम नाही, दुरुस्तीचं आहे. कोरडं घासणं, यंत्राने घासणं, ज्योतीने जाळणं हे सगळं वर्ज्य. ओलं करून खरवडायचं, भिंतीपासून किमान दहा फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरायचं, जवळच्या खिडक्या-दारं बंद ठेवायची. केंद्र सरकारच्या २००८ मध्ये जाहीर झालेल्या आणि एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या नियमानुसार, पैसे घेऊन असं काम करणाऱ्याकडे त्याचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. रंगाऱ्याने दर सांगण्याआधी त्याला प्रमाणपत्र विचारा. स्वतःच्या घरात स्वतः काम करणाऱ्याला हा नियम लागू नाही, पण म्हणून धूळ कमी विषारी होत नाही. कामाचे कपडे वेगळे धुवा आणि बूट बाहेर काढा. बूट बाहेर काढायचं तरी आपल्याला कोणी शिकवायला नको!

चौथी गोष्ट मातीची. आपली मेथी, कोथिंबीर, भेंडी बहुतेक घराच्या भिंतीला लागून, उन्हाच्या बाजूला लावलेली असते, आणि सगळ्यात जास्त शिसं नेमकं तिथेच असतं. मातीची तपासणी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत थोड्या पैशांत होते. तोवर भाजी भिंतीपासून दूर, बाहेरून आणलेल्या मातीच्या वाफ्यात लावा. भिंतीच्या कडेची उघडी माती लाकडाच्या भुशाने किंवा झुडपांनी झाका आणि मुलांना तिथे खेळू देऊ नका.

पाचवी, मुलांची रक्ततपासणी. मॅसॅच्युसेट्समध्ये ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, आणि पुन्हा दोन व तीन वर्षांची असताना ती करतात. इतर राज्यांत असाल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

आणि भारतातल्या घराचं काय, असं कोणी विचारेल. चुना, नीळ आणि गेरू यांत मुळात शिसं नाही. चुना म्हणजे कॅल्शियम आणि गेरू म्हणजे लोखंडाचा गंज. लोखंडी ग्रिलला लावतात तो ‘रेड ऑक्साइड’ही लोखंडाचाच, शेंदूर वेगळा. काळजी करायची ती दारं, खिडक्या, कठडे यांवरच्या जुन्या चकचकीत ऑइल पेंटची. भारतात दहा लाखात ९० भागांची सक्तीची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेली दारं गावी गेल्यावर घासून पुन्हा रंगवायची असतील, तर नातवंडं घरात असताना ते काम काढू नये, एवढं आईवडिलांना फोनवर जरूर सांगा.

आमच्या क्षेत्रातही सर्किट बोर्डाच्या सोल्डरमध्ये शिसं सर्रास असायचं. युरोपने १ जुलै २००६ पासून ते बंद करायला लावलं तेव्हा हे जमणारच नाही असं म्हणणारे खूप होते, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक जग बिनशिशाच्या सोल्डरवर गेलं. रंगाच्या बाबतीत बंदीचा निर्णय कधीच झाला आहे, पण त्याआधी लावून ठेवलेलं अजून आपल्या भिंतींवर आहे. ते काढायची घाई नको. शाबूत रंग भिंतीवर असतो तोवर सहसा कोणाला त्रास देत नाही. फक्त त्याला मोकळं करण्याआधी त्याच्याखाली काय आहे ते माहीत असावं.

यंदा घर धुवायला काढाल तेव्हा बादली, ब्रश आणि थोडा धीर सोबत घ्या. दिवाळीच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!